खांद्याचा एक्स-रे

एक्स-रेच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक बाईला मी दोन प्रश्न विचारते. पहिला सगळेच टेक्निशियन विचारतात : शेवटची पाळी कधी आली? दुसरा माझा : कशी आली?

दुसऱ्या प्रश्नावर बायका क्षणभर माझ्याकडे बघत राहतात. कशी म्हणजे काय, येते तशी आली. बहुतेक जणी "नेहमीसारखी" म्हणतात आणि गाऊन घालायला आत जातात. क्वचित एखादी अडखळते. "तशी कमीच होती या वेळी," म्हणते. तो "तशी" ऐकला की मी फॉर्म खाली ठेवते.

ही सवय मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी लागली आणि फुकटात लागली नाही. कंबरदुखीची एक मुलगी आली होती. तारीख विचारली, तिनं सांगितली, बारा दिवसांपूर्वीची. मी निर्धास्त होऊन कमरेच्या मणक्याच्या दोन फिल्म काढल्या. महिन्याभरानं ती सोनोग्राफीच्या रांगेत दिसली, दहा आठवड्यांची. मी मनात बोटं मोजली आणि पोटात गोळा आला. तिनं सांगितलेली ती पाळी म्हणजे जेमतेम दीड दिवसाचे तपकिरी डाग होते. माझ्या टेबलावर ती झोपली तेव्हा तिला दिवस गेलेले होते आणि ते आम्हां दोघींनाही माहीत नव्हतं.

त्या रात्री मी झोपले नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या फिजिसिस्टनी, म्हणजे किरणांचा हिशोब बघणाऱ्या तज्ज्ञांनी, मला समोर बसवून हिशोब करून दाखवला. कमरेच्या एक्स-रेत गर्भाशयापर्यंत पोचणारा किरणांचा डोस सहसा १० मिलिग्रेच्या आत असतो (मिलिग्रे हे तो मोजायचं माप) आणि गर्भाला इजा होण्याची खरी काळजी १०० मिलिग्रेच्या पुढे सुरू होते. मूल व्यवस्थित जन्मलं. पण "तारीख विचारली होती ना तू?" या वरिष्ठांच्या प्रश्नाला "हो" म्हणताना ते "हो" किती पोकळ आहे हे मला कळत होतं.

मराठीत आपण "दिवस गेले" म्हणतो, ते या मोजणीला अगदी चपखल बसतं. गरोदरपण मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे गर्भ अस्तित्वातच नसतो तेव्हापासून. साधारण दोन आठवड्यांनी बीज सुटतं. फळलं तर त्यानंतर ६ ते १२ दिवसांत ते गर्भाशयाच्या अस्तरात रुजतं, आणि रुजल्यावर कुठे एचसीजी हे संप्रेरक रक्तात उतरू लागतं. टेस्टच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती याच्या जिवावर. सुरुवातीला ते दर दोन-तीन दिवसांनी साधारण दुप्पट होत जातं. त्यामुळे पाळीच्या तारखेआधी घाईघाईनं केलेली टेस्ट एकच रेघ दाखवते, आणि तीच बाई आठवड्यानं टेस्ट करते तेव्हा दोन दिसतात. त्यात नेमक्या पाळीच्या सुमारास काहींना डाग दिसतात. तारखेला डाग दिसले की कुठलीही बाई त्याला पाळीच म्हणणार. मीसुद्धा म्हणाले असते.

आता त्या दिवसाचं सांगते.

सोमवार, सकाळची गर्दी. फॉर्मवर लिहिलेलं : वय ३४, उजवा खांदा, दोन व्ह्यू, मार नाही, दोन दिवसांपासून दुखणं. सोबत नवरा होता, त्याला बाहेर बसवलं. ती आत आली ती भिंतीला हात लावत, सावकाश. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "ताई, गळ्यातली साखळी काढून ठेवा."

तिनं दोन्ही हात मानेमागे नेले, हूक चाचपला, काढला, साखळी माझ्या हातात दिली.

मी साखळी हातात धरून उभीच राहिले. खांदा दुखणारी माणसं मी रोज बघते. हात कोपरापासून अंगाला चिकटवून येतात, बाही काढताना तोंड वाकडं करतात. मानेमागचा हूक काढायचा तर "मॅडम, जरा तुम्हीच काढा ना" म्हणतात. या बाईनं तो हात डोक्याच्या वर नेऊन सुटलेले केससुद्धा क्लिपमध्ये बसवले.

"नक्की कुठं दुखतंय?"

तिनं खांद्याच्या अगदी टोकावर बोट ठेवलं, पर्सचा पट्टा अडकतो तिथं.

"हात हलवला की?"

"नाही. खोल श्वास घेतला की. आणि आडवं पडलं की फारच. रात्रभर उशीला टेकून बसले होते."

मी तिला स्टँडसमोर उभी करायला गेले तर तिला भोवळ आली. धरून टेबलावर आडवी केली, आणि ती टाचणी टोचल्यासारखी ताडकन उठून बसली, खांदा घट्ट धरून. कपाळावर घाम, ओठ पांढुरके. मी तिची नखं बघितली. नखांतही रंग नव्हता.

"पोटात दुखतंय?"

"थोडं. गॅसेस आहेत. सकाळपासून सारखं संडासला जावंसं वाटतंय, होत मात्र नाही."

खांद्याच्या एक्स-रेला पाळीचा प्रश्न खरं तर लागत नाही. पोटापर्यंत पोचणारा डोस नगण्य असतो. कुणी कुणी मला त्यावरून चिडवतातही, की हिच्याकडे बोटाचा एक्स-रे काढायला गेलं तरी ही पाळी विचारते. विचारते. त्या दिवशीही विचारली.

"अठरा दिवस झाले."

"कशी आली होती?"

ती गप्प. मग, "तशी नाहीच आली म्हणजे. दोन दिवस डाग. काळपट. मी म्हटलं, ताण आहे ऑफिसचा."

"टेस्ट केली होती का?"

"पाळीच्या आधी तीन-चार दिवस केली होती. निगेटिव्ह आली. मग डाग आले. मग विषयच संपला."

"त्याच्या आधीची पाळी?"

तिनं मोबाइलमध्ये बघून सांगितलं. मी मोजलं. ४८ दिवस. सात आठवड्यांना एक दिवस कमी.

मी डॉक्टर नाही. निदान करणं हे माझं काम नाही, आणि आमच्या खात्यात हे वाक्य वरचेवर ऐकवलंही जातं. पण फोन उचलणं माझ्या कामात बसतं. कॅज्युअल्टीला फोन लावला, म्हटलं, ट्रॉली पाठवा आणि यूपीटी, म्हणजे लघवीवरची गरोदरपणाची टेस्ट, करावी लागेल. तिकडचे डॉक्टर तरुण होते, वैतागलेले होते. "खांद्याच्या पेशंटची यूपीटी? मॅडम, इथं रांग लागलीय."

"सर, खांदा चांगला आहे," मी म्हटलं. "बाकीचं बघा."

ट्रॉली आली. बीपी ९० वर ६०, नाडी १२०. नवरा ट्रॉलीमागे चालत विचारत होता, "खांद्याचं काय झालं? फ्रॅक्चर आहे का?" त्याला मी काय सांगणार? म्हटलं, "दादा, आधी पोटाची तपासणी करताहेत, तुम्ही इथंच थांबा, सही लागेल."

लॅबमध्ये आमचे एक जुने टेक्निशियन आहेत, त्यांना यूपीटी लावताना बेडकीची गोष्ट सांगायची खोड आहे. पट्ट्या नव्हत्या तेव्हा, १९३०च्या दशकापासून पुढे, बाईची लघवी आफ्रिकी बेडकीला टोचायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिनं अंडी घातली तर बाईला दिवस गेलेत म्हणायचे. नवीन मुलांना हमखास सांगतात. त्या दिवशी त्यांनी पट्टीवर चार थेंब सोडले आणि काही बोलले नाहीत. दुसरी रेघ उमटली, पण इतकी फिकट की पट्टी उजेडाकडे तिरकी धरावी लागली. शेजारचा नवीन मुलगा म्हणाला, "डाउटफुल लिहू?" ते म्हणाले, "सात आठवड्यांना रेघ गडद हवी. एवढी फिकट असेल तर जास्त घाई करायची. पॉझिटिव्ह लिही आणि पळ."

सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं. सात आठवड्यांना तिथं गर्भाची पिशवी दिसायला हवी, बहुतेक वेळा ठोकेही. त्याऐवजी ओटीपोटात रक्त, आणि वर यकृताच्या भोवतीही रक्त. गर्भ उजव्या बीजनळीत, म्हणजे बीज गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळीत, रुजला होता आणि नळी फुटली होती.

खांद्याचं कोडं इथं सुटतं. पोटात साठलेलं रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, खालून झोंबतं. श्वासपटलाची नस मानेतून येते, आणि खांद्याच्या टोकाची संवेदनाही मानेतल्या त्याच पातळीवरून. मेंदूची गफलत होते, पोटातली कळ तो खांद्यात दाखवतो. आडवं पडलं की रक्त वरच्या बाजूला सरकतं आणि कळ वाढते. म्हणून ती रात्रभर बसून होती. मी मात्र तिला टेबलावर आडवी केली, हे अजून आठवतं.

अर्ध्या तासात ती ऑपरेशन थिएटरमध्ये होती. लिटरभराहून जास्त रक्त निघालं, नळी काढावी लागली, रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. संध्याकाळी कॅज्युअल्टीचे ते तरुण डॉक्टर आमच्या खोलीच्या दाराशी आले, काही तरी बोलायचं होतं त्यांना. शेवटी "चहा झाला का?" एवढंच विचारून गेले. मला पुरेसं होतं.

तिसऱ्या दिवशी मी पोर्टेबल मशीन घेऊन वॉर्डात गेले होते, दुसऱ्याच पेशंटसाठी. तिनं हाक मारली. टाके सांभाळत उठून बसली होती. तिला रडायचं नव्हतं, बोलायचं होतं. आणि ती जे सांगत गेली ते ऐकताना मला वाटलं, शरीरानं या बाईला सांगायचं काही बाकी ठेवलं नव्हतं.

दुपारी तीनला ऑफिसात डोळे मिटायचे. रात्री दोनदा उठावं लागायचं. रोजच्या साबणाचा वास एकदम नकोसा झाला, तिनं साबण बदलला. छाती जड, ब्रा घालताना दुखायचं. पोट फुगल्यासारखं, जळजळ. प्रत्येकाला तिच्याकडे कारण तयार होतं : झोप ताणामुळे, लघवी पाणी जास्त पितेय म्हणून, साबणाची कंपनी भेसळ करायला लागली. छाती तर दर महिन्याला पाळीआधी दुखतेच.

हे शेवटचं मी तिला पुन्हा विचारलं. पाळीआधी दुखते, पण पाळी आल्यावर?

"थांबते. दुसऱ्या दिवशी थांबते."

"या वेळी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "नाही थांबली. आजपर्यंत नाही."

पाळी येण्याआधीची लक्षणं आणि दिवस गेल्याची पहिली लक्षणं यांत एवढा सारखेपणा का, तर दोन्हींच्या मागे एकच संप्रेरक आहे, प्रोजेस्टेरॉन. बीज सुटल्यावर ते वाढतं. छाती हुळहुळते, आतडी मंदावतात, जठराचं तोंड सैल पडून जळजळ होते, झोप येते. गर्भ नसेल तर ते उतरतं, पाळी येते, सगळं ओसरतं. गर्भ असेल तर एचसीजी त्याला उतरू देत नाही. म्हणजे पाळीच्या आधी लक्षणं चाळत बसून फारसं कळत नाही. कळतं ते नंतर : डाग येऊन गेले आणि छातीचं दुखणं गेलंच नाही, झोप गेली नाही, वासाचा त्रास उलट वाढला, तर ती पाळी नसावी. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मळमळ सुरू झाली की बायका स्वतःच ओळखतात. अडचण त्याआधीच्या दोन आठवड्यांची आहे. आणि गर्भ नळीत रुजला असला तरी लक्षणं हीच असतात. तो कुठं रुजलाय हे शरीर सांगत नाही, ते सोनोग्राफीतच दिसतं.

"मी आठवड्यानं परत टेस्ट केली असती तर?" तिनं विचारलं.

"तर बहुधा दोन रेघा दिसल्या असत्या. नळी फुटायच्या आधी कळलं असतं तर कधी कधी औषधावर भागतं." मी खोटं बोलले नाही. "पण डाग आले की कोण टेस्ट करतं?"

तिनं मान हलवली. मग म्हणाली, डॉक्टर म्हणालेत दुसरी नळी चांगली आहे. पुढच्या वेळी दिवस राहिले तर लवकर सोनोग्राफी करायला सांगितलंय. मी "हो" म्हटलं आणि मशीन ढकलत पुढच्या खाटेकडे गेले.

आमच्या रजिस्टरमध्ये त्या सोमवारची ओळ अर्धी राहिली होती. नाव, वय, उजवा खांदा, दोन व्ह्यू. पुढे फिल्मचा आकडा नाही. महिनाअखेरीला हिशोब जुळेना म्हणून वरिष्ठांनी बोलावलं : "हिचा एक्स-रे का नाही काढला?" मी शेऱ्याच्या रकान्यात लिहून दिलं, "गरज पडली नाही."

दीड महिन्यानं ती तपासणीला आली होती, एचसीजी शून्यावर आल्याचा रिपोर्ट हातात. जाता जाता आमच्या दारात डोकावली. बाहेर चार पेशंट, मी ॲप्रन चढवत होते.

"मॅडम, माझा तो खांद्याचा एक्स-रे राहिलाच की हो. काढायचा का?"

"दुखतोय का?"

"नाही."

"मग राहू दे," मी म्हटलं आणि पुढच्या बाईला आत घेतलं. गुडघा होता. "ताई, शेवटची पाळी कधी आली?"