आपल्याच घोड्यावर बसायची भीती वाटते तेव्हा

रायडिंग स्कूलच्या घोड्यावर तासभर निवांत दुडकी करणारा माणूस हौसेनं स्वतःचा घोडा घेतो आणि दोन महिन्यांत त्याच्यावर बसायचं टाळायला लागतो. आज ऊन फार आहे, उद्या नालबंद यायचाय, परवा घोडा सांभाळणारा मोतद्दारच फिरवून आणू दे. याला भित्रेपणा म्हणणं सोपं आहे, पण स्कूलच्या घोड्याचा दाणा आणि व्यायाम दुसरं कुणी बघत असतं, तो रोज चार जणांना पाठीवर घेतो, आणि मैदानाच्या मध्ये उस्ताद उभा असतो. घरच्या घोड्याच्या बाबतीत हे सगळं आपल्या गळ्यात पडतं. त्यात तो एकदा एखाद्या कोपऱ्यात बुजला, की पुढच्या वेळी तिथं पोचायच्या आधीच आपण आखडतो. आपण आखडलो की त्याला वाटतं, इथं खरंच काहीतरी आहे.

म्हणून आधी घोडा तपासायचा, मन नंतर.

तो कुठून आला, हा पहिला प्रश्न. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा असेल, तर त्याला लगाम ओढणं म्हणजे थांबणं हे ठाऊक नसतं. धावताना ताणलेल्या लगामावर भार देऊन पुढं जायचं, हे त्याचं शिक्षण. घाबरलेला स्वार जितका ओढतो तितका तो जोर करतो. जॉकीला बहुतेक वेळा चालता-चालता कुणीतरी पायाला आधार देऊन वर चढवलेलं असतं, त्यामुळं रिकिबीत पाय टाकताच तो चालू पडतो, यात त्याचा खोडसाळपणा नाही. उलट सारंगखेड्याच्या यात्रेतून, म्हणजे दत्तजयंतीच्या सुमारास घेतलेला मारवाडी किंवा काठियावाडी असेल, तर तो नाचकामाला शिकवलेला आहे का ते विकणाऱ्याला विचारा. अशा घोड्याला लगाम वर उचलून टाच लावली की जागेवर पाय उचलायचे, एवढंच शिकवलेलं असतं. आता घाबरलेला स्वार काय करतो? लगाम आखूड धरतो, हात वर घेतो आणि टाचांनी बरगड्या आवळतो. घोडा हुकूम समजून थयथय करतो आणि स्वाराला वाटतं, हा आता उधळणार. त्याच्या तोंडात काटेरी कडी असेल तर ती आधी काढा. तसली कडी वापरायला जनावरांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे, आणि दुखणारं तोंड घेऊन कुठलाच घोडा शांत चालत नाही.

दुसरं दाण्याचं. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास चालणाऱ्या घोड्याला शर्यतीच्या घोड्याइतका ओट, हरभरा चारायचा आणि उरलेला वेळ ठाणावर बांधून ठेवायचं, मग तो अंगात आल्यासारखा वागतो म्हणून कपाळावर हात मारायचा. ४०० किलोच्या घोड्याला रोज ६ ते ८ किलो कोरडी वैरण मिळाली, तर हलक्या कामासाठी दाणा फार थोडा लागतो. बदल ८-१० दिवसांत हळूहळू करा, नाहीतर पोटदुखी मागं लागेल. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी दाणा निम्मा. आणि दिवसातले काही तास त्याला मोकळं सोडा. एवढ्यानंच कितीतरी घोडे ‘सुधारतात’.

खोगिराखालचा घाम बघायला कुणी सांगत नाही. काम झाल्यावर खोगीर उतरवलं की पाठीवर दोन्ही बाजूंना घामाचा सारखा ओला पट्टा हवा. मध्येच हाताच्या तळव्याएवढा कोरडा डाग दिसला, तर तिथं खोगीर दाबत असण्याचा संशय घ्या. त्या जागी पांढरे केस उगवलेले असतील, तर हे दुखणं जुनं आहे. खोगिराचा पुढचा भाग आणि मानेमागचा उंचवटा यांच्यामध्ये तुम्ही वर बसलेले असतानाही दोन-तीन बोटं शिरली पाहिजेत. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना तो कान पाडतो किंवा चावायला वळतो? चढल्याबरोबर पाठ कमानीसारखी उचलतो? तर हिंमत गोळा करत बसू नका, पशुवैद्यांना पाठ, दात आणि खूर दाखवा.

घोडा निर्दोष ठरला, की मग आपण.

भीतीला ० ते १० असे गुण द्या. काम ३-४ वर चालू ठेवायचं, ५ झाले की एक पायरी मागं यायचं. ‘डोळे मिटून एकदा पळव, भीती मोडेल’ हा सल्ला देणारे तबेल्यात पैशाला पासरी मिळतात. त्यातून निभावलं तरी अंगात राहतो तो घाबरल्याचाच अनुभव. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा आठवड्यातून चारदा वीस-वीस मिनिटं बसलेलं बरं.

पहिला आठवडा जमिनीवरच. खरारा तुम्ही करा, मोतद्दारानं नाही. मग तीन मीटरच्या दोरीवर चालवा: तुम्ही थांबलात की तो थांबला पाहिजे, छातीवर बोट टेकवलं की दोन पावलं मागं गेला पाहिजे. खाली उभं राहून जो अंगावर येतो, तो वर बसल्यावर ऐकेल ही आशा सोडा. पुढं ओट्यावरून चढायचं, तीस सेकंद नुसतं बसायचं, उतरायचं. असं पाच वेळा. चढताच चालू पडणाऱ्या घोड्याला याच टप्प्यावर उभं राहायला शिकवता येतं.

उभ्या घोड्यावर एका लगामानं थांबवायचा सराव दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा करा. एक हात लगामावरून खाली सरकवायचा, तो हळूहळू आपल्या मांडीकडं आणायचा, दुसरा लगाम ढिला सोडायचा. मान वळली, पाय थांबले आणि जबडा सैल पडला, की त्याच क्षणी सोडायचं. लोक चुकतात ते इथं. घोडा थांबल्यावरही ओढून धरतात, मग तो शिकणार काय? हा सराव नंतर चालीत करा. भरधाव घोड्याची मान अशी एकदम वळवाल तर तो तुमच्यासकट आडवा होईल. तिथं जागा असेल तर मोठा गोल धरायचा आणि तो लहान करत आणायचा.

श्वास रोखलेला कळतच नाही, म्हणून मोठ्यानं बोलायचं. आरती म्हणा, ओवी म्हणा, एकोणतीसचा पाढा म्हणा (तो येत नसेल तर अजून चांगलं, डोकं गुंततं). बोलताना श्वास सोडावाच लागतो, आणि श्वास सुटला की मांड्या सैल पडतात. घाबरल्यावर आपण पुढं वाकतो, गुडघे आवळतो, टाच वर जाते. घोड्याच्या लेखी हा ‘चल’ असा हुकूम असतो. त्याच्या गळ्यात एक जुना रिकिबीचा पट्टा घाला आणि घाबरलात की त्यात दोन बोटं अडकवा. लगामाला लोंबकळण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

वीस मीटरच्या गोलात चाल पक्की झाली की दुडकीची आठ पावलं, आणि परत चाल. आठच, मोजून. तो नीट चालतोय म्हणून नववं टाकायचा मोह होतो. पण आकडा तुम्ही ठरवलाय हे अंगात भिनेपर्यंत तो मोडू नका. कुणी जाणता माणूस लंजिंगच्या (मध्ये उभं राहून घोडा गोल फिरवायच्या) दोरीवर घोडा सांभाळायला असेल, तर दुडकी आधी तिथंच करा.

गोलाबाहेर पडल्यावर खरी परीक्षा. शेततळ्याचा फडफडणारा प्लास्टिकचा कागद, गाणी लावून येणारी उसाची ट्रॉली, मागं लागणारी कुत्री. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण नाकासमोर आणि शेपटीमागं आंधळी जागा असते, आणि उन्हातून झाडीच्या सावलीत शिरताना त्याच्या डोळ्यांना सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. तिथं तो अडला तर एक क्षण द्या. बुजण्याच्या वस्तूकडं तुम्ही टक लावू नका. नजर तिच्या पलीकडं ठेवा, घोड्याचं तोंड किंचित उलट बाजूला वळवा आणि चालवत राहा. भीती ७ वर गेली तर उतरा आणि हातात धरून पुढं न्या. उतरल्यानं घोडा ‘जिंकतो’ हे पुरुषी थोतांड आहे. तंगाखाली पोट आवळलेल्या जनावराला हार-जीत समजत नाही, दाब सुटला की नाही एवढंच समजतं. डिसेंबरच्या गार पहाटे, दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर, वारा सुटलेला असताना तर थेट बाहेर जाऊच नका. आधी दहा मिनिटं लंजिंग.

‘पडलास की लगेच बस’ हे अर्धंच खरं. डोक्याला मार असेल, क्षणभर शुद्ध गेली असेल, मळमळ किंवा गरगर होत असेल, तर घोडा तबेल्यात आणि स्वार डॉक्टरकडं. ते हेल्मेटही पुन्हा वापरू नका, वरून धड दिसलं तरी. आणि ते घोडेस्वारीचंच हवं, मोटरसायकलचं नको. मार नसेल तर त्या दिवशी पाच मिनिटं चालवून उतरलात तरी पुरे.

कधीकधी मात्र जोडीच चुकलेली असते: तीन वर्षांचं अर्धवट शिकलेलं शिंगरू आणि वर्षभर शिकलेला स्वार. अशा वेळी उस्तादाला महिनाभर बसू द्या, पण तो उतरल्यावर त्याच दिवशी दहा मिनिटं तुम्ही बसा. नाहीतर घोडा शिकेल आणि भीती तुमच्याकडंच राहील. तीन-चार महिन्यांनीही तबेल्याच्या वाटेवर पोटात गोळा येत असेल, तर तो विकून पोक्त, बारा-चौदा वर्षांचा, वरातीतही न बिचकणारा घोडा शोधा. विकताना नव्या मालकाला तो कशाला बुजतो ते स्पष्ट सांगा, आणि जमलं तर त्याचं खोगीरही सोबत द्या.