बावीस नंबरची जर्सी

लेकीच्या कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात एक काळी जर्सी घडी करून ठेवलेली आहे. पाठीवर मकचेनचं नाव, खाली २२. आता ती तिच्या अंगात शिरायचीही नाही, पण मला टाकू देत नाही. जानेवारी २०१८ मध्ये आमच्या बेसबॉल संघाने, पिट्सबर्ग पायरेट्सनी, दोन दिवसांच्या अंतराने आपले दोन खेळाडू, गेरिट कोल ह्यूस्टनच्या संघाला आणि अँड्र्यू मकचेन सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला, देऊन टाकले, तेव्हा ती आठ वर्षांची होती. शाळेतून आली, बातमी ऐकली आणि जेवलीच नाही. कोल्हापूरहून बाबांचा फोन आला, त्यांनाही तेच सांगत बसली. बाबांनी मला विचारलं, "एवढं चांगलं पोरगं दिलंच कशाला गं?"

त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला मला काही वर्षं लागली.

आम्ही इथे पिट्सबर्गला आलो २०११ मध्ये. तेव्हा पायरेट्सचे सलग अठरा हंगाम जिंकण्यापेक्षा जास्त सामने हरण्यात गेले होते, आणि अजून दोन जायचे होते. १९९२ नंतर संघाचा मोठा खेळाडू बॅरी बॉण्ड्स सोडून गेला आणि वीस वर्षं हेच चाललं. पण मैदान असं की पहिल्या दिवशी पाऊल टाकलं आणि मी त्याचीच झाले. पीएनसी पार्क या आमच्या मैदानात बसलं की समोर अ‍ॅलेगेनी नदी, तिच्यावर पायरेट्सच्या जुन्या खेळाडूच्या, क्लेमेंटेच्या, नावाचा पिवळा पूल, पलीकडे शहराच्या उंच इमारती.

मग २०१३ आलं. चौऱ्याण्णव विजय, आणि १ ऑक्टोबरला सिनसिनाटी रेड्सविरुद्ध त्या मैदानावरचा पहिलाच प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचा, सामना. आम्हाला उभ्याचं तिकीट मिळालं. चाळीस हजारांवर माणसं, बहुतेक काळ्या कपड्यांत, आणि समोरच्या पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, नाव सगळे एका सुरात ओढून घेत होते: क्वेएऽटो, क्वेएऽटो. त्याच्या हातातून चेंडू निसटून जमिनीवर पडला. पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होम रन मारला. शेजारच्या अनोळखी आजीबाईंनी मला मिठी मारली, त्या रडत होत्या. मीही रडले.

दोन वर्षांनी ९८ सामने जिंकले. शिकागो कब्सविरुद्ध प्लेऑफचा एकच सामना हरलो आणि घरी. पुन्हा तिथवर जाणं जमलेलं नाही.

बाबांना मी आयपीएलवरून समजावलं. २०२५ च्या मोठ्या लिलावाआधी दहाही संघांना पर्स सारखीच होती, १२० कोटींची. मेजर लीग बेसबॉलमध्ये अशी मर्यादाच नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलात तर जादा कर भरायचा, बस्स. लॉस एंजेलिस डॉजर्सना स्थानिक टीव्हीचा करार मिळाला तो २५ वर्षांचा, ८३५ कोटी डॉलरचा. पिट्सबर्गएवढ्या शहरात तेवढे प्रेक्षक आणायचे कुठून? २०२५ मध्ये डॉजर्सचा पगारखर्च ३० कोटी डॉलरच्या वर होता, आमचा १० कोटींच्या आत. न्यूयॉर्क मेट्सनी एकट्या हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी देऊ केले. २०२५ पर्यंत पायरेट्सच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार ब्रायन रेनॉल्ड्सचा होता, आठ वर्षांचे साडेदहा कोटींच्या थोडे वर.

आणि याच गावात फुटबॉलचे स्टीलर्स आणि आइस हॉकीचे पेंग्विन्स आहेत. गाव तेच, नदी तीच, प्रेक्षक तेच. स्टीलर्सनी सहा वेळा सुपर बोल, म्हणजे फुटबॉलचं विजेतेपद, जिंकलं. पेंग्विन्सनी २००९, २०१६ आणि २०१७ मध्ये हॉकीचा स्टॅन्ली कप आणला. त्या दोन्ही खेळांत पगारावर मर्यादा आहे. पायरेट्सनी बेसबॉलचं विजेतेपद, वर्ल्ड सिरीज, शेवटचं जिंकलं ते १९७९ मध्ये. मला तरी याहून ढळढळीत पुरावा लागत नाही.

लहान संघाला पोरं सापडत नाहीत असं नाही. सापडतात, घडवताही येतात. मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरेपर्यंत खेळाडू संघाच्या ताब्यात, पहिली तीनएक वर्षं तर अगदी कमी पगारावर. सहा वर्षं भरली की तो मोकळा. वस्तादाने पोराला खुराक घालावा, डाव शिकवावेत आणि ऐन उमेदीत त्याने दुसऱ्या तालमीतून शड्डू ठोकावा, तसं. म्हणून त्याआधीच त्याला देऊन बदल्यात कोवळी पोरं घ्यायची. कोल पुढे यँकीजकडे गेला, नऊ वर्षांचे ३२.४ कोटी.

त्यात चूक झाली की भरून निघत नाही. जुलै २०१८ मध्ये आम्ही क्रिस आर्चर या पिचरसाठी टँपा बेला टायलर ग्लासनाव, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ दिले. आर्चरचा खेळ घसरला, मग ऑपरेशन, मग तो गेलाच. ग्लासनाव आता डॉजर्सकडे आहे. डॉजर्सकडून असा एखादा सौदा फसला तर ते दुसरा खेळाडू विकत घेतात. आमची पाच वर्षं जातात.

पण सगळं पैशावर ढकलणंही मला पटत नाही. मिलवॉकी शहर पिट्सबर्गपेक्षाही लहान बाजारपेठ, आणि २०२५ मध्ये तिथल्या ब्रूअर्सनी ९७ सामने जिंकले, सगळ्या लीगमध्ये जास्त. तेही बर्न्स, हेडर, विल्यम्स असे चांगले पिचर वेळेवर देऊन टाकत आले, पण बदल्यात आलेल्यांचं सोनं केलं. शिवाय प्रत्येक संघाच्या स्थानिक उत्पन्नातले ४८ टक्के एकत्र करून तीसही संघांत सारखे वाटले जातात. तो वाटा आमच्याकडेही येतो. तो मैदानावर दिसला पाहिजे, हे मागणं रास्त आहे आणि मी ते सोडणार नाही.

आता आमच्याकडे पॉल स्कीन्स हा पिचर आहे. १८ मे २०२५ ला फिलाडेल्फियात त्याने आठ इनिंग एकट्याने टाकल्या, एकच धाव दिली, आणि आम्ही १-० ने हरलो. लेक सोफ्यावर उशी पोटाशी धरून बसली होती. त्या हंगामात दर नऊ इनिंगमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी १.९७, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने, आणि विजय दहा, पराभव दहा. पगार पावणेनऊ लाख डॉलर. २०२९ चा हंगाम संपला की तो मोकळा होईल.

मकचेन २०२३ मध्ये परत आला, छत्तिसाव्या वर्षी. घरच्या पहिल्या सामन्यात सगळं मैदान उभं राहिलं, टाळ्या थांबेचनात. लेकीने तेव्हाही ती जुनी जर्सी सोबत नेली होती, मांडीवर ठेवायला.

परवा तिने स्कीन्सची ३० नंबरची मागितली. मी म्हटलं, "बाळा, तो जाईल गं." ती म्हणाली, "माहीत आहे, आई." मी मागवली, एक माप मोठी.