शेंगोळे पार्सल होत नाहीत

पुण्यात राहून मराठवाड्याचं जेवण जेवायचं असेल तर ते घरीच करावं लागतं, आणि मला आता असं वाटायला लागलंय की घरी स्वैपाक करण्याचं सगळ्यात मोठं सुख हेच आहे. लोक सांगतात पैसे वाचतात, तब्येत नीट राहते, ते सगळं आहेच, त्यावर पुढे बोलतो, पण माझ्यापुरतं कारण वेगळंय. मला जे जीव ओतून खावंसं वाटतं त्यातलं बरंचसं कुणी विकतच नाही. हुलग्याचे, म्हणजे कुळथाच्या पिठाच्या वळ्या रश्श्यात शिजवलेले शेंगोळे, वरणफळं, येसराची आमटी, कण्या घातलेली अंबाडीची भाजी, करडईची भाजी, अंबील. माझ्या फोनमधल्या अ‍ॅपवर यातलं काहीही टाकून बघा, समोर पनीर आणि बिर्याणीच येते.

मी लातूरकडचा. नोकरी हिंजवडीत, घर वाकडला, बायको नाशिककडची आणि तीही नोकरी करते. पुण्यात आल्यावर सुरुवातीला मेस, मग अ‍ॅप, असं बरंच वर्षं चाललं, ते अन्न वाईट होतं असं मी म्हणणार नाही, पोट भरायचं. पण आठवडाभर वेगवेगळ्या ठिकाणाहून वेगवेगळ्या नावाच्या भाज्या मागवल्या तरी जिभेला सगळं एकच लागायचं. त्याचं कारण साधं आहे, बहुतेक हॉटेलांत कांदा टोमॅटो काजूची ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात करून ठेवलेली असते, ऑर्डर आली की त्यात पनीर टाकलं की पनीरची भाजी, कोफ्ता टाकला की कोफ्त्याची. धंदा म्हणून ते बरोबरच आहे, दहा मिनिटात ताट द्यायचं तर दुसरं काय करणार.

आणि आता तर त्यात डब्याची भर पडलीये. म्हणजे बघा, जे अन्न प्लास्टिकच्या डब्यात बंद होऊन, पिशवीत, गाडीवर अर्धा पाऊण तास हलत येणारे ते अन्न तेवढा वेळ टिकायला पाहिजे ना. ग्रेव्ही टिकते, बिर्याणी तर उलट मुरते. वरणफळं टिकत नाहीत, ती वरण पिऊन फुगतात आणि गोळा होतो. शेंगोळ्यांचा रस्सा अर्ध्या तासात आटून घट्ट होतो. भाकरी डब्यात घातली की आधी वाफेनं ओली होते आणि गार झाली की चिवट. म्हणजे बाहेरून काय मागवता येईल हे चवीवर ठरतच नाही, ते डब्यात काय तग धरेल त्यावर ठरतं, आणि आपण हळूहळू तेवढंच खायला लागतो. हे ज्या दिवशी माझ्या लक्षात आलं त्या दिवसापासून मला तव्यावरून थेट ताटात येणाऱ्या गोष्टींची किंमत कळायला लागली.

भाकरीचंच घ्या. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं त्यामुळे पीठ नुसत्या गार पाण्यात मळलं तर धरून राहत नाही, म्हणून गरम पाणी घालायचं, त्यानं पिठाला चिकटपणा येतो, मग तळहाताच्या मुळानं रगडून रगडून मळायचं आणि एका भाकरीपुरताच गोळा घेऊन लगेच थापायची. तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची, आणि शेवटी जाळावर फुगवायची. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेनं चिरा पडतात, म्हणून आम्ही गिरणीतून थोडं थोडंच दळून आणतो. ज्वारी मालदांडी मिळाली तर बघायलाच नको, मंगळवेढ्याच्या मालदांडीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे ते काही उगाच नाही, भाकरी पांढरीशुभ्र आणि गोडसर होते. ही पहिली फुगलेली भाकरी, तिचा पापुद्रा काढून त्यात तूप मीठ घालून माझी मुलगी ओट्यापाशीच उभी राहून खाते. ती ताटापर्यंत जातच नाही आणि मला ते फार आवडतं.

पालेभाज्यांबद्दल तर मी तासभर बोलू शकतो. हॉटेलात पालक आणि मेथी सोडून पालेभाजी दिसत नाही कारण निवडायला माणूस लागतो. घरी मात्र थंडी सुरू झाली की करडईची कोवळी पानं येतात, मग हरभऱ्याचे शेंडे येतात, ते खुडताना हाताला आंब लागते आणि भाजीला तीच आंबट चव येते. चाकवत, आंबट चुका, तांदुळजा, घोळ, पाथरी. आमच्या इथल्या बाजारात एक मावशी बसतात त्या आता करडई आली की माझ्यासाठी दोन जुड्या बाजूला काढून ठेवतात, आणि बाकीची गिऱ्हाईकं विचारतात ही कसली भाजी, मग मी आणि मावशी मिळून सांगतो कशी करायची. अंबाडी उकळून पाणी काढून टाकायचं, त्यात ज्वारीच्या कण्या आणि थोडी तुरीची डाळ शिजवायची, घोटायची, आणि ताटात घेतल्यावर वरून लसणाची लाल तिखट घातलेली फोडणी, भरपूर तेलाची. इथे तेल मोजायचं नाही.

या भाज्यांमुळे एक गोष्ट झाली, मला महिने कळायला लागले. ऑफिसमध्ये एसी बाराही महिने तसाच, काचेबाहेर ऊन आहे का ढग तेसुद्धा नीट दिसत नाही, पण बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा आल्या म्हणजे थंडी मुरलीये हे कळतं आणि मग घरी सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, आमटी झालीच पाहिजे. सोले तव्यावर भाजून, लसूण मिरची जिऱ्याबरोबर जाडंभरडं वाटून, फोडणीत परतून पाणी घालायचं. तेवढ्या दिवसातच मिळते ती, मग वर्षभर वाट बघायची, आणि वाट बघून मिळालेल्या गोष्टीची चव वेगळीच असते.

डाळीचंही तसंच. गावाकडून येणारी बोरसुरीची तूरडाळ आहे, निलंगा तालुक्यातली, तिला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला 2024 साली जीआय मानांकन मिळालं तेव्हा आमच्या घरात खरंच आनंद झाला होता. ती डाळ शिजताना कुकरच्या वाफेलाच वास येतो. त्या डाळीचं साधं वरण, चिंच गूळ आणि येसर, एवढ्यात आमटी होते. येसर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गहू, हरभऱ्याची डाळ, ज्वारी किंवा बाजरी असं धान्य खरपूस भाजायचं, धने जिरे खोबरं मिरची आणि खडा मसाला वेगळा भाजायचा आणि सगळं एकत्र दळायचं. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत ही आमटी असते. वर्षभर टिकतो हा मसाला, आणि ज्या दिवशी घरात काहीच भाजी नाही त्या दिवशी फोडणी, पाणी आणि दोन चमचे येसर, पंधरा मिनिटात आमटी तयार. पंधरा मिनिटात अ‍ॅपवर हॉटेलसुद्धा ठरत नाही आमचं.

पैशांचं थोडक्यात सांगतो. हॉटेलच्या बिलावर 5 टक्के जीएसटी, मग पॅकिंग, मग डिलिव्हरी, हे सगळं धरलं तर दोघातिघांच्या एका जेवणाच्या पैशात आमच्या घरी आठवड्याची भाजी येते. आणि तब्येतीचं म्हणाल तर मीठ आणि तेल आपल्या हातात राहतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, तेही दिवसभराचं सगळं मिळून. बाहेरच्या ग्रेव्हीत किती पडलंय हे तुम्हाला कधीच कळणार नाही, घरी कळतं, विषय संपला. तळणीचं तेल परत परत तापवलेलं नाही हे तर मला रोज दिसतं, मीच तापवतो ना ते.

पण मला जे सांगायचंय ते हिशोबात बसत नाही. येळवस घ्या. वेळ अमावस्या म्हणतात पुस्तकात, आम्ही येळवस म्हणतो. लातूर धाराशिवकडे हा मोठा सण, मार्गशीर्ष अमावस्येला अख्खं शहर ओस पडतं आणि माणसं शेतात जातात, कडब्याची कोप म्हणजे छोटी खोपी करतात, पूजा करतात आणि मग तिथेच बसून भज्जी, ज्वारी बाजरीच्या पिठाचे उंडे, अंबील, गव्हाची खीर असं जेवण. पुण्यात त्या दिवशी सुट्टी नाही, शेत नाही. तरी आम्ही आदल्या रात्री करतो. भज्जी म्हणजे तुरीचे सोले, ओला हरभरा, वाटाणा, पावटा, मेथी, कांद्याची पात, जे मिळेल ते शिजवायचं आणि चिंचेचं पाणी घालून बेसन लावायचं, आणि अंबील आधी ज्वारीचं पीठ ताकात आंबवून, त्यात लसूण जिरं मीठ. हे शिजत असताना मी आईला फोन लावून स्पीकरवर ठेवतो. "काय करलालास?" "भज्जी करलालोय." "बेसन लई लावू नको बग, गोळा होतंय." आणि मग तिकडून शेतात कोण कोण येणारे, कुणाची तूर कशी आलीये, सगळं बोलणं होतं. एरवी आमचं फोनवरचं बोलणं जेवलास का, जेवलो, इतकंच असायचं. आता जेवलास का याला काय केलंस असा पुढचा प्रश्न आहे आणि मला त्याचं उत्तर देता येतं.

बायकोच्या माहेरचा काळा मसालाही आमच्या घरात असतो, म्हणजे एका फळीवर येसर आणि त्याच्या शेजारी तिचा डबा, आणि मंगळवारी कुणाची आमटी यावर घरात गोड भांडण होतं. मुलगी दोन्ही ओळखते. नुसत्या वासावर सांगते आज आईची आमटी का बाबाची. शेजारच्या काकू सावंतवाडीच्या, त्यांच्याकडे कुळथाची पिठी होते, गरम भातावर घेतात. त्यांनी एकदा वाटीभर पाठवली, मी त्यांना त्याच कुळथाचे शेंगोळे दिले. त्यांनी शेंगोळे कधी खाल्ले नव्हते आणि मी पिठी खाल्ली नव्हती, आता वाटीची ये-जा चालू असते आणि वाटी कधी रिकामी परत जात नाही. तयार पार्सल मागवत होतो तेव्हा शेजारी कोण राहतं हे दारावरच्या पाटीपुरतं माहीत होतं.

खूप जण विचारतात ऑफिसवरून आल्यावर जीव असतो का. मला विचाराल तर पीठ मळताना दोन्ही हात भरलेले असतात, फोन वाजला तरी घेता येत नाही, आणि त्या अर्ध्या तासात डोक्यातलं ऑफिस आपोआप बंद होतं. त्यासाठी मला दुसरं काही करावं लागत नाही. रोज चार पदार्थ करा असं मी म्हणतच नाही, आमच्याकडेही बऱ्याच रात्री आमटी भाकरी कांदा एवढंच असतं. मी आजही बाहेर जेवतो, मिसळ बाहेरच खातो, मित्रांबरोबर बसायला हॉटेलच बरं. पण आपल्या घरची जी चव आहे ती जर कुणीच विकत नसेल आणि आपणही करायची सोडली, तर ती चव आपल्याबरोबरच संपते, आणि हे मला सहन होत नाही.

तर शेंगोळे. एक वाटी हुलग्याचं पीठ, त्यात पाव वाटी गव्हाचं, म्हणजे वळताना तुटत नाही. लसूण, जिरं, हिरवी मिरची, कोथिंबीर वाटून, मीठ हळद घालून घट्ट मळायचं. हाताला तेल लावून पोळपाटावर करंगळीपेक्षा बारीक वळी करायच्या आणि वळून गोल जोडायच्या किंवा तशाच छोट्या तोडायच्या. पातेल्यात तेल जरा हात सैल सोडून, मोहरी, जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, लाल तिखट, आणि चार ते पाच वाट्या पाणी. पाणी खळखळ उकळल्यावरच शेंगोळे एकेक करून सोडा, गार पाण्यात सोडले तर विरघळतात. पहिली पाच मिनिटं चमचा घालू नका. उरलेलं चमचाभर पीठ पाण्यात कालवून शेवटी घाला, रस्सा दाट होतो. एक शेंगोळं तोडून बघा, आत कोरडं पीठ दिसलं नाही म्हणजे झालं, साधारण वीस मिनिटं लागतात. बरोबर ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा, शेंगदाण्याची चटणी. माणसं ताटावर बसली की मगच गॅस बंद करायचा.