अंटार्क्टिकाची बॅग भरताना

अंटार्क्टिकाला जायचं ठरलं की आधी डोक्यात येते ती थंडी. पण अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, पारा शून्याच्या आसपासच खालीवर होत असतो. अंगावर नीट थर असतील तर तेवढी थंडी सहज निभावते. छळतात ते वारा आणि पाणी. खारं पाणी कपड्यांत मुरलं आणि त्यावर वारा लागला, की दात वाजायला लागतात. म्हणून बॅग भरताना प्रत्येक कपडा हातात घेऊन मी एकच प्रश्न विचारत होते: हा भिजला तर काय होईल?

या प्रश्नाने खरेदीचा क्रमच बदलला. जाड जॅकेट मागे पडलं आणि वॉटरप्रूफ पँट पहिल्या नंबरावर आली. जहाजाने नेणाऱ्या बऱ्याच कंपन्या पार्का, म्हणजे टोपी असलेलं जाड बाहेरचं जॅकेट देतात, गमबूटही वापरायला देतात. पँट मात्र सहसा आपली आपणच न्यावी लागते. तुमच्या तिकिटात काय काय आहे ते आधी लेखी विचारून घ्या आणि मगच दुकानात जा. पँट घेताना 'वॉटर रेझिस्टंट' (म्हणजे थोडंच पाणी अडवणारी) लिहिलेली नको, शिवणीही आतून बंद केलेल्या हव्यात. आतल्या दोन थरांवर चढेल इतकी सैल हवी, आणि तिच्या पायांच्या कडा गमबुटाच्या बाहेरून खाली यायला हव्यात. पँट बुटात खोचली की लाटेचं पाणी थेट मोज्यांत उतरतं.

लाट कुठून आली, असं वाटेल. जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते दूर नांगर टाकून उभं राहतं आणि आपण झोडियाक नावाच्या रबरी होडीतून किनाऱ्यावर जातो. होडीच्या फुगीर कडेवरच बसायचं असतं, वेग घेतला की तुषार अंगावर येतात. किनाऱ्याजवळ पोचलं की पाय पाण्यात टाकूनच उतरायचं, पाणी नडगीपर्यंतही येतं. उतरताना खलाशी हात पुढे करतो तेव्हा पंजा नाही, एकमेकांचं मनगट धरायचं असतं. त्यासाठी दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून सामान पाठीवरच्या सॅकमध्येच. सॅक वॉटरप्रूफ नसेल तर आत ड्राय बॅग, म्हणजे पाणी न शिरणारी पिशवी घाला. पावसात सॅकवर चढवायचं साधं कव्हर इथे पुरत नाही.

थरांचं बोलायचं तर अंगालगत मेरिनो लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ, उबदार सिंथेटिक जॅकेट, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं कवच. सुती बनियन आणि जीन्स किनाऱ्यावर अजिबात नकोत. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि वाळत नाही. पिसांचं जॅकेट उबदार खरं, पण भिजलं की त्याची ऊब जाते, तेव्हा ते वॉटरप्रूफ कवचाच्या आतच घाला. थर्मलचे दोन जोड मला पुरले. लोकरीला लवकर वास येत नाही, आणि रात्री धुऊन केबिनमध्ये टांगलेलं थर्मल सकाळपर्यंत वाळत होतं.

रोज सगळे थर मात्र चढवू नका. कुठल्याही ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त शंभर प्रवाशांनाच किनाऱ्यावर उतरता येतं. त्यामुळे मोठ्या जहाजावर गट पडतात: काही जण उतरतात, तेवढ्या वेळात बाकीचे होडीतून हिमनगांमध्ये फिरतात. उतरणाऱ्यांना नेको हार्बरसारख्या ठिकाणी बर्फाचा चढ चढायचा असतो, तिथे घाम फुटतो आणि फ्लीस काढून सॅकमध्ये टाकावासा वाटतो. होडीत बसणाऱ्यांना तासभर हलायलाही मिळत नाही. बसायच्या दिवशी एक थर जास्त, चालायच्या दिवशी एक थर कमी. आज आपला गट काय करणार हे आदल्या संध्याकाळच्या बैठकीत सांगतात. ती बैठक चुकवू नका.

हातमोज्यांचे दोन जोड लागतात. आत पातळ, म्हणजे कॅमेऱ्याचं बटण दाबता येईल असे, आणि वर सैल, वॉटरप्रूफ. आतल्या जोडाचा एक सुटा जोडही ठेवाच, कारण हातमोजे हमखास भिजतात. पायांच्या बाबतीत उलट: एकावर एक मोजे चढवून बूट घट्ट झाला तर रक्ताभिसरण दबतं आणि पाय आणखी गार पडतात. लोकरीचा एक जाड मोजा आणि आत बोटं हलतील एवढी जागा. जहाजाने दिलेले गमबूट पहिल्याच दिवशी तोच मोजा घालून तपासा, माप बदलून मिळतं.

पार्क्यावर लाइफजॅकेट येतं आणि छातीवरचे सगळे खिसे बंद होतात, ही गोष्ट आधी कुणाच्या लक्षात येत नाही. लेन्स पुसायचं कापड, रुमाल, लिप बाम हे बाहीच्या किंवा खालच्या खिशात ठेवा. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाजवळ; थंडीत त्या भराभर उतरतात. परत आल्यावर कॅमेरा बॅगेतच बंद राहू द्या आणि केबिनच्या तापमानाला आल्यावरच काढा, नाहीतर काचेवर दव धरतं.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. पहिल्यांदा उतरण्यापूर्वी जहाजावर सगळ्यांचे बाहेरचे कपडे तपासतात. बुटांचे तळवे, सॅकचे कोपरे, खिशांच्या शिवणी, वेल्क्रोच्या पट्ट्या. हातात व्हॅक्यूम क्लीनर आणि चिमटा. आमच्या रांगेतल्या एकाच्या वेल्क्रोतून गवताची कुसळं निघाली, कुठल्या तरी जुन्या ट्रेकमधली. गोष्ट लहान वाटते, पण अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर बाहेरून आलेलं गवत रुजलेलं आहे आणि ते उपटून काढायला शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं खपावं लागलं. अंटार्क्टिकाच्या पर्यावरण-रक्षणासाठीच्या 1991 च्या माद्रिद कराराने बाहेरच्या सजीवांना तिथे नेण्यावर बंदी घातली, आणि ती बंदी आपल्या बुटाच्या खाचेपर्यंत येऊन पोचते. 2024 मध्ये त्या भागातल्या पक्ष्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला. त्या धोक्यामुळे बर्फावर बसणं, गुडघे टेकणं, सॅक खाली ठेवणं हेही बंद आहे. म्हणून सॅक हलकी हवी, ती सगळा वेळ पाठीवरच राहणार. ट्रायपॉड न्यायचाच असेल तर त्याचे पाय दर वेळी धुवावे लागतील.

माझी विनंती आहे की हे काम घरीच करा. जुने कपडे नेत असाल तर आधी धुवा, वेल्क्रो दातांच्या ब्रशने साफ करा, सॅक उलटी करून झटका. जहाजावरची तपासणी मग पाच मिनिटांत होते. परतताना दर खेपेला बूट घासून जंतुनाशकात बुडवायचे असतात. क्युव्हरव्हिल बेटावर जेंटू पेंग्विनच्या वसाहतीपाशी जाऊन आल्यावर त्यांच्या विष्ठेच्या गुलाबी चिखलाचा वास पँटलाही लागतो. तिथे ब्रश जरा जास्त चालवावा लागला.

ड्रेक पॅसेजसाठी, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या समुद्रासाठी, वेगळी तयारी. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआइया बंदरातून निघालं की बीगल चॅनल हा अरुंद जलमार्ग शांत असतो, पुढे साधारण दोन दिवस उघडा समुद्र. मळमळीचं औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या आणि जहाज हलायला लागण्याआधी घ्या. आत चालायला मागून बंद, न घसरणारे बूट लागतात, सपाता नकोत. जहाजात हवा उबदार असते, तिथे साधे कपडे चालतात. नटून-थटून जेवायला जाण्याची अपेक्षा कुणीच करत नाही.

विमानात बॅग मागे राहिली तर जहाज थांबत नाही. एक थर्मल जोड, वॉटरप्रूफ पँट, हातमोजे आणि औषधं हातातल्या सामानात ठेवा. अर्जेंटिनातल्या देशांतर्गत विमानात वजनाची मर्यादा बरेचदा कमी असते, तिकीट काढतानाच पाहून घ्या.

उन्हाला कमी लेखू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे नाकाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखालीही सनस्क्रीन लावा. बाजूने बंद असलेला काळा चष्मा दोरीसकट न्या. पोहायचा पोशाखही टाका, कारण बर्फाळ पाण्यात उडी मारायची संधी बहुतेक जहाजं देतात आणि ऐन वेळी तो दुसऱ्याकडून मागता येत नाही. ड्रोन घरी ठेवा, प्रवाशांना हौसेखातर तो उडवू देत नाहीत. खाण्याचे पुडेही सॅकमध्ये नकोत. किनाऱ्यावर पाण्याशिवाय काहीच न्यायचं नसतं. तिथे स्वच्छतागृह नाही, त्यामुळे सगळे थर चढवण्याआधी केबिनमधूनच जाऊन या.