रेकॉर्डमध्ये काहीच नाही

मंगळवार, रात्रीचे सव्वातीन

काल छातीत बसवलेल्या आयसीडीच्या, म्हणजे ठोके बिघडले की शॉक देऊन ताळ्यावर आणणाऱ्या त्या यंत्राच्या, चेकअपला जाऊन आले तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये. त्या मुलीने छातीवर ते माऊससारखं ठेवलं, स्क्रीनवर सगळं पाहिलं आणि हसून म्हणाली, काकू, काहीच नाही रेकॉर्डमध्ये, शॉक शून्य. ह्यांनी तर तिथेच हात जोडले. आणि मला रडू आलं.

कारण मला बसला होता. मागच्या गुरुवारी, डोळा लागता लागता, दोन वाजून दहा मिनिटांनी. श्रावणात ओट्यापाशी बसला होता ना, अगदी तसाच, आतून लाथ बसावी तसा. घामाघूम होऊन उठून बसले. एक बसला आणि नंतर बरं वाटलं तर फोन करा, लागोपाठ दोन बसले तर थेट हॉस्पिटल, हे पाठ आहे मला, म्हणून मग दुसऱ्याची वाट बघत बसले, पाच वाजेपर्यंत, घड्याळाकडे बघत. दुसरा आला नाही, आणि आता म्हणतात पहिलापण आला नव्हता. मग मी तीन तास कशाची वाट बघत होते?

डॉक्टरांनी नीट समजावलं, घाई न करता. ह्याला फँटम शॉक म्हणतात, आयसीडी असलेल्या काही जणांना होतो, बऱ्याचदा झोप लागायच्या बेतातच, आधी खरा बसलेला असला की धास्ती मनात राहते. झोप किती होते विचारलं, मन कसं आहे विचारलं, समुपदेशकाकडे जाऊन या म्हणाले. परत झालं तर वेळ लिहून ठेवा. मी मान डोलावली. पण आत एकच चाललं होतं, की काडेपेटीपेक्षा जरा मोठं ते यंत्र, त्याचं म्हणणं खरं आणि माझं अंग खोटं. ठोके बिघडले तर ते आधी भराभर बारीक ठोके देऊन बघतं, मला कळतही नाही, नाहीच जमलं तर शॉक. म्हणजे झालेलं मला कळत नाही आणि न झालेलं कळतं. आता कशावर विश्वास ठेवून डोळे मिटायचे?

वहिनी म्हणतात आता कसली काळजी, डॉक्टरच आत बसवलाय तुझ्या. त्यांना कसं सांगू की त्या आतल्या डॉक्टरचीच भीती वाटते. जन्मभर डाव्या कुशीवर झोपले, आता तिकडे वळलं की ते टोचतं, उजवीकडे झोप येत नाही, आणि उताणी पडलं की ठोके ऐकत बसते. आई रामरक्षा म्हणून झोप म्हणतात. म्हणते मी. मनूच्या परीक्षेचं तर... जाऊ दे ते.

तिनेच पाठवलेलं वाचत होते मघाशी. स्वीडनचे आर्ने लार्सन, १९५८ साली शरीरात पेसमेकर बसवलेला जगातला पहिला माणूस. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. जन्मात एकूण २६ यंत्रं झाली त्यांना आणि ८६ वर्षांचे होऊन २००१ साली गेले. मनूला ते ८६ दाखवायचं होतं, कळलं मला. मी मात्र त्या पहिल्या बंद पडलेल्या यंत्रापाशीच अडकले. दुसरं बसवल्यावर त्या रात्री डोळे मिटताना काय वाटलं असेल त्यांना? आणि तरी झोपले असतील, कधीतरी झोपलेच असतील ना, नाहीतर पुढची त्रेचाळीस वर्षं कशी गेली असती.

मघाशी परत झालं. लहान होतं, गुरुवारसारखं नाही. वही उशाशीच होती, अंधारातच लिहिलं, दोन पस्तीस. दुसऱ्याची वाट बघायची नाही असं ठरवलं, तरी थोडी बघितलीच. घाबरले होते पण परवाइतकी नाही. म्हटलं, खरा नसेल, पण मला झाला एवढं तर खरं आहे, ते वहीत राहील, यंत्रात नसलं तरी.

तेवढ्यात ह्यांचा हात आला माझ्या नाकासमोर. रोज येतो, श्वास चालू आहे का बघायला, आणि मी रोज झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहते. आज म्हटलं, अहो, जागी आहे मी.

मीपण, म्हणाले.

आत्ता दूध गरम करताहेत. हळद घालू का विचारताहेत स्वयंपाकघरातून.