ग्रामा ते प्रजिमा: आमच्या रस्त्याची फाइल

रस्त्याची तक्रार कुठंही घेऊन जा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "हा रस्ता आमच्याकडं येत नाही." आणि खरी गोम अशी की हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर असतं.

आमचं गाव मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या पलीकडं. गावातून जाणारा डांबरी रस्ता दिसायला एकच, पण त्याचे मालक तीन. हिंजवडीकडचा तुकडा एमआयडीसीचा. आमची शीव लागली की पुढं ग्रामीण मार्ग, म्हणजे जिल्हा परिषदेचा. शेवटी पौड रस्त्याला मिळतो तो भाग पंतप्रधान ग्रामसडक योजनेतून झालेला, म्हणजे काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडं आणि नंतर तोही जिल्हा परिषदेकडं. शिवाय १९९७ च्या प्रादेशिक योजनेच्या नकाशात याच बाजूनं एक भलामोठा रुंद रस्ता आखलेला आहे. लोक त्याला 'आरपी (रीजनल प्लॅन) रोड' म्हणतात, त्याच्या नावावर प्लॉट विकतात, आणि जमिनीवर तो कुठंच नाही.

मी तेव्हा ग्रामपंचायत सदस्य होते. सरपंच म्हणाले, "ताई, तुमचं अक्षर चांगलं आहे, अर्ज तुम्हीच लिहा." अशी कामं बायकांकडं कशी येतात ते वेगळं सांगायला नको. पण आली ते बरं झालं, कारण रस्ता कोणी सांभाळायचा हे ठरतं कसं, ते मला पहिल्यांदा कळलं.

खड्डे बुजवायच्या अर्जाला उत्तर आलं की वार्षिक निधीच्या मर्यादेत काम घेतलं जाईल. याचा अर्थ काय ते भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांनी, समजावून सांगितलं. जिल्हा परिषदेकडं ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग असतात, कागदावर 'ग्रामा' आणि 'इजिमा'. प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) आणि राज्य महामार्ग हे सार्वजनिक बांधकाम विभागाचे. राज्यात सगळ्यात जास्त लांबी ग्रामीण मार्गांचीच, आणि तेवढ्या लांबीवर ३०५४ या लेखाशीर्षाचे दुरुस्तीचे पैसे पसरले की एका गावाच्या वाट्याला किती येणार? "ताई, खड्डे मागू नका. दर्जोन्नती मागा," असं ते म्हणाले. म्हणजे रस्ता ग्रामाचा प्रजिमा करून घ्या.

ही उतरंड आजची नाही. डिसेंबर १९४३ मध्ये नागपूरला देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद झाली, तिथं राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी वाटणी ठरली. पुढं वीस-वीस वर्षांच्या योजना आल्या. आमच्या वेळी कागदोपत्री चालू होती ती २००१ ते २०२१ ची रस्ते विकास योजना, राज्यात सुमारे ३.३७ लाख किलोमीटर रस्त्यांचं लक्ष्य ठेवणारी. योजनेचं साल उलटून गेलं होतं, पण फाइलवर नाव तेच. या योजनेत तुमच्या रस्त्याला क्रमांक असेल तर तो रस्ता. नसेल तर त्यावरून रोज हजार गाड्या गेल्या तरी सरकारच्या लेखी ती पाणंद.

म्हणून पहिलं काम ग्रामपंचायतीचा नमुना २३ उघडण्याचं. ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही ती. आमच्या वहीत रस्ता होता, पण 'गावठाण ते ओढा' एवढाच. ओढ्याच्या पुढं लोकांनी आपापल्या बांधावरून जागा सोडून गाडीवाट केली होती, तिच्यावर कधीतरी आमदार फंडातून डांबर पडलं होतं आणि नोंद लावायची राहून गेली होती. सातबाऱ्यावर काही नाही, गावनकाशावर एक तुटक रेघ. ती रेघ, ग्रामसभेचा ठराव आणि जुन्या कामाचं बिल जोडून वही पुरी करेपर्यंत पावसाळा आला.

मग सरपंचांनी यादी केली. गावातला मुख्य रस्ता, दोन वाड्यांचे रस्ते, स्मशानभूमीचा, मंदिराचा, शिवाय त्यांच्या भावकीच्या मळ्यातला. सगळेच प्रजिमा करून टाका! बांधकाम विभागाच्या उपविभागात एक वयस्क उपअभियंता होते. त्यांनी यादी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि आम्हाला एकच प्रश्न विचारला: "हा रस्ता उद्या बंद केला तर तुमच्या गावाबाहेरच्या कोणाची अडचण होईल?"

मंदिराचा रस्ता बंद झाला तर? आमचीच. मळ्याचा? भावकीची. वाड्यांचे रस्ते बंद झाले तर वाडीतली पोरं शाळेला मुकतील. ही अडचण मोठी, पण आमचीच. मुख्य रस्ता बंद झाला तर मात्र पौडकडचे लोक हिंजवडीला कामाला जाणार नाहीत, वरच्या गावांचा ऊस खाली उतरणार नाही आणि पौडला तहसील कचेरीत जाणाऱ्यांना मोठा वळसा पडेल. साहेबांनी बाकी सगळ्या रस्त्यांवर लाल पेनाची रेघ मारली.

मला तेव्हा राग आला होता. वाडीतल्या बाईचं बाळंतपण काय कमी महत्त्वाचं? पण वाडीच्या रस्त्याला निधी मिळायला हवा आणि तो राज्यानं आपल्या ताब्यात घ्यायला हवा, या दोन मागण्या वेगळ्या आहेत. प्रत्येक वाडीचा रस्ता मुंबईहून सांभाळायचा ठरवला तर गटार तुंबल्यावर निवेदन द्यायलाही मंत्रालय गाठावं लागेल. ज्या रस्त्यावर परगावची वाहतूक जास्त, त्याचा भार एकट्या गावाच्या माथी नको. जो फक्त गावाचा, तो गावाच्या हाताशीच बरा. वाड्यांसाठी २५१५ या ग्रामविकासाच्या लेखाशीर्षातून काँक्रीट मागायचं, असं आम्ही ठरवलं.

परगावचे लोक खरंच येतात हे दाखवायला वाहन मोजणी झाली. फाट्यावरच्या चहाच्या टपरीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत एक तरुण तक्ता घेऊन बसला. चार उभ्या रेघा, पाचवी तिरकी, की एक गठ्ठा. सकाळी साडेआठनंतर त्याला चहाचा घोट घ्यायलाही फुरसत नव्हती, कारण हिंजवडीची कोंडी चुकवायला निम्मं आयटी आमच्या गावातून घुसतं. मी त्याच्या तक्त्यात डोकावले तर प्रत्येक वाहनाला वेगळा गुणक. मोटार १, दुचाकी अर्धी, ट्रक नाहीतर बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि बैलगाडी ८. वाहन किती महाग किंवा किती जड, याच्याशी त्याचा संबंध नाही. मागच्यांची वाट ते किती अडवतं, त्यावर आकडा ठरतो. तिथंच बसलेले आमचे तात्या हे ऐकून खूश झाले. "म्हणजे माझी बैलगाडी आठ मोटारींच्या बरोबरीची!" दुसऱ्या दिवशी ते गाडी जुंपून विनाकारण दोनदा फाट्यावरून गेले. मोजणाऱ्यानं दोन्ही वेळा इमानदारीत रेघ मारली.

ग्रामसभा मात्र सोपी गेली नाही. दर्जोन्नती म्हटलं की गावाला फक्त गुळगुळीत डांबर दिसतं. पण इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत सपाट मुलखात ग्रामीण मार्गाची जागा साधारण १२ मीटर धरतात आणि प्रमुख जिल्हा मार्गाची २५ मीटर. रस्त्याकडेला ज्यांची घरं त्यांनी हा आकडा कुठून तरी शोधून आणला होता. त्यावर इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा, म्हणजे रस्त्याच्या मध्यापासून किती अंतर सोडून बांधकाम करायचं, तीही दर्जाप्रमाणं बदलते. "माझा ओटा जाणार का?" "माझ्या गाळ्याचं काय?" आमच्याकडं याचं उत्तर होतं, पण ते कोणाला गोड लागण्यातलं नव्हतं: दर्जा बदलला म्हणून कोणाची इंचभर जमीन आपोआप जात नाही, तिला भूसंपादन लागतं आणि मोबदला द्यावा लागतो. पण उद्या नवीन बांधकामाचा नकाशा मंजुरीला टाकाल तेव्हा अंतर नव्या दर्जाचं धरणार. दोन जणांनी विरोध नोंदवला. तो ठरावात जशाच्या तसा लिहून घ्यायला मीच लावला.

त्याच सभेत परमिट रूमवाल्या अण्णांनी हळूच विचारलं, "ते पाचशे मीटरचं लागू होणार का?" त्यांची भीती जुनी होती. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा निकाल दिला. तेव्हा चंदीगडनं आपल्या रस्त्यांचा दर्जाच खाली आणला, आणि आपल्या राज्यातही काही शहरांतले महामार्ग पालिकांच्या गळ्यात घालायचा खटाटोप झाला. रस्ता कोणाचा हे कधी कधी त्याच्या कडेला काय विकतात यावरून ठरतं, हे बघून तेव्हा हसू आलं होतं. अण्णांना सांगितलं, तो निकाल राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांचा, प्रजिमाचा त्यात उल्लेख नाही. अण्णांचा हात ठरावाच्या बाजूनं वर गेला.

पुढचा पेच हिंजवडीच्या टोकाला होता. वरच्या दर्जाचा रस्ता मध्येच हवेत संपलेला चालत नाही, दोन्ही टोकं तोलामोलाच्या रस्त्याला भिडायला हवीत. पौडच्या बाजूनं प्रश्न नव्हता, पौड रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. पण दुसरं टोक एमआयडीसीच्या अंतर्गत रस्त्याला जाऊन मिळत होतं, आणि तो रस्ते विकास योजनेत मोडत नाही. तिथला तुकडा राज्यानं घ्यावा असं आमचं म्हणणं होतं. उपअभियंत्यांना ते पटलं नाही: "ज्यानं कारखान्यांसाठी रस्ता केला, त्यानंच तो सांभाळावा. पाणीपट्टी, सेवाशुल्क तेच घेतात ना?" यात तथ्य होतं. शेवटी रेषाच वळवली. शेजारच्या गावातून आधीचा एक प्रजिमा जातो, त्याला आमचा रस्ता जोडायचा ठरला. त्यासाठी त्या गावाचाही ठराव लागला. तो मिळवायला सरपंचांना एका लग्नात जाऊन जुनं भांडण मिटवावं लागलं, त्याचा तपशील फाइलमध्ये नाही.

यानंतरचा प्रवास कंटाळवाणा आहे, थोडक्यात सांगते. रस्ता सोडायला जिल्हा परिषदेचा ठराव लागतो. मार्च २०२२ पासून पुण्यात सभागृहच नव्हतं, प्रशासक होते, त्यामुळं तो ठराव प्रशासकांच्या सहीनं झाला. पटकन झाला हे खरं, पण ज्या सभेत तालुक्याच्या सदस्यानं उठून दोन प्रश्न विचारले असते ती सभा झालीच नाही, हेही खरं. नंतर बांधकाम विभागाकडून संयुक्त पाहणी, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता आणि मंत्रालय. मध्ये एका टेबलावर फाइल बरेच महिने बसून राहिली. कारण विचारलं तर साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेली अंतरं, जुळत नव्हते. ग्रामीण मार्गाचं शून्य गावठाणात आणि ग्रामसडक योजनेच्या भागाचं शून्य पौड फाट्यावर, म्हणजे दोन्ही तुकडे उलट दिशेनं मोजलेले. ओढ्यावरची मोरी एका कागदात किलोमीटर २ मध्ये, दुसऱ्यात किलोमीटर ५ मध्ये. आम्ही स्वतः टेप घेऊन गेलो, प्रत्येक मोरीपाशी मोबाइलवर फोटो काढला आणि तक्ता करून दिला. हा तक्ता ज्यांना कोणाला असा प्रस्ताव करायचा असेल त्यांनी सुरुवातीलाच करून ठेवावा. ठराव, मोजणी, नकाशा सगळं असून फाइल अडते ती इथं.

शासन निर्णय निघाला तेव्हा तो मला कोणी कळवला नाही. राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मी अधूनमधून बघत असे, तिथं दिसला. भाषा कोरडी: अमुक ग्रामीण मार्गाची प्रमुख जिल्हा मार्ग म्हणून दर्जोन्नती, जिल्ह्यात प्रमुख जिल्हा मार्गांची लांबी इतक्यानं वाढली, ग्रामीण मार्गांची तितक्यानं घटली. ग्रामसडक योजनेच्या भागाचा ताबा देखभालीची मुदत संपल्यावर. पैशाचा त्यात शब्द नाही. दर्जा वाढला म्हणजे निधी आला असं समजून काहींनी फटाके आणले होते. रुंदीकरणासाठी वेगळा प्रस्ताव, वेगळी अर्थसंकल्पीय तरतूद. खड्डे मात्र त्या वर्षी पावसाळ्याआधी बुजले, आणि कडेच्या साइडपट्ट्या मुरूम टाकून भरल्या.

गावाचा हक्क गेला तो कुठं, हे नळाची पाइपलाइन टाकताना कळलं. रस्ता ओलांडून वरच्या आळीला पाणी न्यायचं होतं. पूर्वी ग्रामपंचायतीत बोलून चर मारला असता. आता खोदाईला बांधकाम विभागाची परवानगी, अनामत रक्कम आणि रस्ता पूर्ववत करून द्यायची अट. सरपंच वैतागले, "आपलंच गाव, आपलंच पाणी, आणि परवानगी पुण्यातनं?" मी म्हटलं, "भाऊ, बंद केला तर कोणाची अडचण, ते आठवा." ते काही बोलले नाहीत. परवानगीचा अर्जही मीच लिहिला. अनामत भरली, अर्धा रस्ता चालू ठेवून अर्धा खोदायचा असं मान्य केलं आणि रविवारी काम काढलं, कारण रविवारी हिंजवडीला जाणाऱ्या गाड्या नसतात.