चिरेखाणीचा खड्डा: बाग की तळं?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, जांभ्याचे चिरे काढून झाले की सरळ उभ्या भिंतींचा, फरशीसारख्या सपाट तळाचा खड्डा उरतो. भिंतींवर करवतीच्या रेघा दिसतात, कोपऱ्यात कपच्या आणि भुग्याचे ढीग असतात. अशा जागी घाईनं लावलेली कलमं दुसऱ्या पावसाळ्यात मरतात ती बहुतेक वेळा मुळाशी पाणी साचून.

म्हणून आधी पाण्याचा निकाल लावा. उताराकडची भिंत फोडून तळाचं पाणी आपसूक बाहेर जात असेल तर बाग करा. चारही बाजू बंद असतील तर तळं. पंपावर बाग वाचवण्याच्या भरवशावर राहू नका, ऐन जुलैच्या पावसातच वीज जाते.

बागेसाठी कातळात सुटे खड्डे मारू नयेत. बिनभोकाच्या कुंडीसारखं त्यात पाणी थांबतं, मुळं कुजतात. त्यापेक्षा ब्रेकरनं उताराच्या दिशेनं 1 मीटर रुंद, 1 मीटर खोल असा सलग चर काढून त्याचं खालचं तोंड उघडं ठेवा. तळाशी वीतभर कपच्या टाका. आंबा 10 बाय 10 मीटरवर लावला तर एकरी 40 कलमं बसतात, काजू 7 बाय 7 वर 80. आंब्याच्या प्रत्येक कलमाच्या जागी 1 घनमीटर चांगली माती धरली, तर एकरी 14 ब्रास लागते (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट). माती दबते, म्हणून 17 ब्रास आणा. दोन कलमांमधला चर भुग्यानं भरला तरी चालतो, मुळाशी मात्र नुसता भुगा नको. त्यात सेंद्रिय अंश जवळजवळ नसतो, आणि जांभ्यातलं लोह स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं, झाडाला मिळू देत नाही. सिंगल सुपर फॉस्फेट, कलमामागे 2 किलो, चार-पाच घमेली कुजलेल्या शेणखतात कालवूनच घाला. माती जमिनीच्या 20 सेंमी वर येऊ द्या, नाहीतर ती बसल्यावर कलमाचा जोड मातीखाली जातो.

तळ्याचं काम जास्त नाजूक आहे. जांभा सच्छिद्र, त्यात उभ्या भेगा, त्यामुळे पाऊस थांबला की पाणी उतरू लागतं. 500 मायक्रॉनचं प्लास्टिक लागतंच, पण उभ्या भिंतीवर ते लोंबतं आणि काठाला फाटतं. आधी कपच्या-भुग्याचे 25 सेंमीचे थर धुम्मस करत (ठोकून दाबत) भिंतींना 1:1 चा, म्हणजे जेवढी खोली तेवढाच आडवा पसरणारा, उतार द्या, वर मऊ माती थापा, आणि एक पावसाळा तसंच बसू द्या. ही घाई सगळ्यात महागात पडते: भराव नंतर खचला की प्लास्टिक ताणून सांध्यात उसवतं. 20 बाय 20 मीटर, 3 मीटर खोल खड्ड्याचा तळ उतारानंतर 14 बाय 14 उरतो. पाणी 12 लाखांऐवजी पावणेनऊ लाख लिटर मावतं, आणि काठाच्या चरात पुरायचं धरून प्लास्टिक सुमारे 600 चौरस मीटर लागतं.

हे सगळं आधीच खोदलेल्या खड्ड्यांसाठी. तळ्यासाठी नवा सडा कापू नका. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेली कातळशिल्पं अशाच सड्यांवर आहेत, आणि पावसाळी रानफुलंही.

ओल्या प्लास्टिकवर शेवाळ धरलं की धडधाकट माणसालाही वर चढता येत नाही. कुंपण आणि चारही बाजूंना गाठी मारलेले दोर पाणी भरायच्या आधी बांधा.